चोक गेला कुठे?

कार्बोरेटरच्या गाडीत थंडीवरचा इलाज ड्रायव्हरच्या हाताशी असे. सकाळी चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, इंजिनाने धरलं की आवाजाचा अंदाज घेत चोक हळूहळू आत सारायचा. फियाट, अँबॅसिडर आणि बजाजच्या स्कूटरमुळे ‘चोक ओढणे’ हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत पोचला, आणि आजही स्वयंचलित वाहनांशी फारसा संबंध नसलेल्या माणसालाही तो कळतो. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं आणि डॅशबोर्डवरची ती खुंटी गेली. इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो, असं तेव्हापासून सर्रास म्हटलं जातं. हे म्हणणं अर्धंच खरं आहे. खुंटी गेली, पण चोकचं काम गेलं नाही, कारण ज्या अडचणीसाठी चोक होता ती पेट्रोलच्या स्वभावातच आहे. झालं एवढंच, की एका हाताकडे असलेलं ते काम बॉनेटखालच्या पाच-सहा सुट्या भागांत वाटलं गेलं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या इंजेक्शनच्या गाड्या थंडीत का रुसतात आणि त्यांचा रुसवा काढणं इतकं किचकट का होऊन बसतं, याचं उत्तर या वाटणीच्या इतिहासात आहे.

आधी अडचण काय ती पाहू. इंजिनात पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. द्रव पेट्रोल ठिणगीने नीट पेटत नाही. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले हलके घटक थंडीतही उडतात, जड घटक मात्र इनटेकच्या गार भिंतींवर थेंब होऊन बसतात. गरम इंजिनाला एक भाग पेट्रोलमागे वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. गार इंजिनातही वाफेचं प्रमाण त्याच्या आसपास असावं लागतं, पण आत सोडलेल्या पेट्रोलपैकी थोड्याचीच वाफ होणार असेल, तर मुळात कितीतरी जास्त पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे चोक हे वाया जाणाऱ्या पेट्रोलची आगाऊ भरपाई करण्याचं साधन. त्यात भर अशी की याच वेळी बाकीचे सगळे घटकही उलटतात. उणे १८ अंशांच्या सुमारास साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. सेल्फ बॅटरीचा व्होल्टेज खाली ओढतो, ठिणगी अशक्त होते आणि विजेवर उघडणारा इंजेक्टरही उशिरा उघडतो. पेट्रोल जेव्हा जास्त हवं, नेमकं तेव्हाच ते कमी पडण्याची ही सोय.

या अडचणीशी माणसाचा झगडा इंजेक्शनच्या बराच आधीचा आहे. सुरुवातीला हँडल मारून इंजिन फिरवायचं. ते उलटलं तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि ती जोखीम संपली, थंडीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटातल्या अँड्र्यू फ्रीमनने इंजिनाच्या हेडबोल्टच्या जागी बसवायचा विजेचा हीटर काढला आणि १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियात रात्रभर गाडीची वायर प्लगला लावून ठेवण्याची जी रीत रुळली, ती याच विचारातून: इंजिन गारच होऊ द्यायचं नाही. दुसरी वाट होती चोक स्वयंचलित करण्याची, आणि ती अमेरिकेत १९३० च्या दशकातच सुरू झाली होती. तिच्या मुळाशी होती दोन धातूंची चिकटवलेली पट्टी. दोन्ही धातू उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने जहाजावरच्या घड्याळाची चाल तापमानाने बिघडू नये म्हणून ही युक्ती शोधली होती. तीच आता चोकचं झाकण उघडू-मिटू लागली. म्हणजे ड्रायव्हरच्या हातावरचा अविश्वास इंजेक्शनने आणलेला नाही. तो आधीचाच, इंजेक्शनने त्याचं टोक गाठलं.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा पहिला मोठा प्रयत्न तर थंडीनेच अडवला. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची प्रणाली आणली. रॅम्बलर रेबेल या गाडीसाठी तिची जाहिरात झाली, पुढे क्रायस्लरच्या १९५८ च्या थोड्या गाड्यांवर ती बसलीही. ऊबदार हवेत ती ठीक चालायची, गार हवेत गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची. क्रायस्लरच्या त्या गाड्यांपैकी बहुतेकांना पुढे पुन्हा कार्बोरेटरच बसवावे लागले. बेंडिक्सची पेटंटं नंतर जर्मनीच्या बॉशकडे गेली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर बॉशची डी-जेट्रॉनिक आली. डी म्हणजे ‘ड्रुक’, जर्मन भाषेत दाब: इनटेकमधला दाब मोजून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवायची. या प्रणालीत थंडीसाठी आधीपासूनच वेगळे भाग होते. इंजेक्शनवाल्यांनी बेंडिक्सच्या अनुभवातून धडा घेतला असो वा नसो, थंडीला एकाच नियमात बसवता येत नाही हे त्यांना उमगलं होतं, असं त्या रचनेवरून दिसतं.

चोकची खुंटी काढण्याची घाई मात्र ड्रायव्हरच्या सोयीसाठी नव्हती. कॅलिफोर्निया आणि पाठोपाठ अमेरिकेचं केंद्र सरकार धुराचे नियम घट्ट करत होतं. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टने धुरातल्या मुख्य घटकांत नव्वद टक्के कपात मागितली. या नियमांच्या चाचणीत गाडी रात्रभर उभी ठेवून गार सुरू करतात आणि पहिल्या मिनिटाचा धूरही मोजतात. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही, त्यामुळे सगळ्या प्रवासातल्या न जळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतो. अशा हिशेबात चोक ओढून तो पुढच्या चौकापर्यंत आत सारायला विसरणारा माणूस परवडत नाही. कायद्याला चोक नकोसा नव्हता, नकोसा होता तो चोकवरचा हात.

हाताची जागा कशाने घेतली ते सगळ्यात उघडं दिसतं १९७३ च्या के-जेट्रॉनिकमध्ये. के म्हणजे ‘कोंटिनुइर्लिश’, सतत. यात इंजेक्टर उघडझाप करत नाहीत, सतत फवारतात, आणि मूळ रचनेत एकही संगणक नाही. पोर्शे, मर्सिडीज, आउडी, व्होल्व्हो अशा कितीतरी गाड्यांवर ती पंधरा-वीस वर्षं चालली. येणारी हवा एक गोल तबकडी उचलते, तबकडी एक दट्ट्या वर सारते, दट्ट्या पेट्रोलची वाट मोकळी करतो. दट्ट्याच्या डोक्यावर पेट्रोलचाच उलट दाब असतो, त्याला कंट्रोल प्रेशर म्हणतात. चोकचा पहिला तुकडा इथे लपलाय. वॉर्म-अप रेग्युलेटर नावाचं मुठीएवढं ओतीव डबडं गार इंजिनात हा दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरवतं, म्हणजे तेवढ्याच हवेत दट्ट्या जास्त उचलला जातो आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापत जातं तसा दाब पावणेचार बारच्या आसपास चढतो. डबड्याच्या पोटात तीच दोन धातूंची पट्टी, फक्त इथे तिला तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतली वीज तापवते. दुसरा तुकडा म्हणजे कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह, चार सिलिंडरच्या इंजिनाचा पाचवा इंजेक्टर. तो फक्त सेल्फ चालू असताना इनटेकमध्ये बारीक धुकं फवारतो. किती वेळ फवारायचं हे तिसरा तुकडा ठरवतो: पाण्याच्या वाटेत बसवलेला थर्मो-टाइम स्विच. त्यातही पट्टी आणि तिच्याभोवती तार. इंजिन उणे २० अंशांवर असेल तर तो साधारण साडेसात-आठ सेकंद फवारा चालू ठेवतो, इंजिन गरम असेल तर मुळीच नाही. चौथा तुकडा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह. घट्ट तेलाशी झुंजणाऱ्या इंजिनाला जास्त हवा देऊन तो आयडलचा, म्हणजे गाडी उभी असतानाचा, वेग चढा ठेवतो. तो काढून त्याच्या भोकातून उजेडाकडे पाहिलं तर गार असताना आतल्या चकतीतली चंद्रकोर दिसते. तारेला बारा व्होल्ट दिले की ती कोर डोळ्यांदेखत बारीक होत काही मिनिटांत मिटते. पट्टी काम करते की नाही हे पाहायला याहून चांगली चाचणी नाही.

आता या वाटणीचा परिणाम पाहा. हाताचा चोक बिघडला तर तो एकच बिघाड असे. वाटलेल्या चोकचा प्रत्येक तुकडा आपापल्या रीतीने बिघडतो आणि गाडी प्रत्येक वेळी वेगळ्या रीतीने रुसते. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह फवारत नसेल तर इंजिन उणे तापमानात फिरत राहतं, पेटत नाही. पाच अंशांच्या सकाळी मात्र जरा नाटक करून सुरू होतं. थर्मो-टाइम स्विच आतल्या आत चिकटला तर फवारा थांबत नाही, प्लग भिजतात आणि पेट्रोलचा वास पाठच्या सीटपर्यंत येतो. वॉर्म-अप रेग्युलेटरचा दाब वर अडकला तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि चार सेकंदांत मरते, कारण सुरुवातीचं धुकं जळून संपतं आणि मागून पुरेसं पेट्रोल येत नाही. सुरू झाली पण पायाखाली ॲक्सिलरेटर धरून ठेवावा लागला, तर दोष हवेच्या व्हॉल्व्हचा. म्हणून कसलेला मेकॅनिक पहिला प्रश्न ‘सुरू होते का’ असा करत नाही. तो विचारतो, ‘कधी मरते?’ ‘गाडी सुरू होत नाही’ हे चोकच्या काळात पुरेसं वर्णन होतं, आता ती फक्त प्रस्तावना झाली.

पुढच्या काळात तुकडे कमी झाले, पण काम सोपं झालं नाही. १९७४ च्या एल-जेट्रॉनिकने हवा मोजायला झडपेसारखी पाकळी आणली. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूवर आलेल्या मोट्रॉनिकने ठिणगी आणि पेट्रोल एकाच पेटीच्या ताब्यात दिलं. १९८२ च्या एलएच-जेट्रॉनिकने तापलेल्या तारेवरून हवेचं वजन ओळखलं. पेट्या हुशार होत गेल्या तसा पाचवा इंजेक्टर निरोपाला लागला, कारण मुख्य इंजेक्टरच थंडीत जास्त वेळ उघडे ठेवता येऊ लागले. किती वेळ, हे ठरतं एका पितळी सेन्सरच्या शब्दावर. शीतक पाण्यात बुडालेला हा सेन्सर म्हणजे गार झाला की रोध वाढणारा एक मणी. बॉशच्या त्या काळच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, उणे १० ला नऊ हजारांच्या आसपास, तर ८० अंशांना सव्वातीनशेच्या जवळ. सेन्सरचा कनेक्टर ओढून मल्टिमीटरच्या दोन टोकांवर हे आकडे तपासायला दोन मिनिटं पुरतात. वायर तुटली तर पेटीला अनंत रोध दिसतो, ध्रुवावर आल्यासारखं वाटून ती पेट्रोल ओतत सुटते. वायरी एकमेकींना चिकटल्या तर तिला इंजिन उकळत असल्यासारखं वाटतं आणि गार इंजिन उपाशी राहतं. सगळ्यात फसवी तिसरी तऱ्हा: कनेक्टरच्या दातांवर हिरवट गंज चढून हजार-दीड हजार ओहम वाढलेला. इंजिन आहे त्याहून बरंच गार आहे, एवढंच पेटीला वाटतं. गाडी सुरू होते, धूर काळा येतो, पेट्रोल जास्त खाते आणि दोष इंजेक्टरवर ढकलला जातो.

इथे माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. गरम झालेलं आधुनिक इंजिन स्वतःला तपासत असतं. व्होल्व्होने १९७६ मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांवर लॅम्बडा सेन्सर आणला, तेव्हापासून धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करणं शक्य झालं. कुणी चुकीची माहिती दिली तर हा सेन्सर ती काही अंशी सावरून घेतो. पण त्यालाही काम करायला शेकडो अंशांची ऊब लागते. थंडीतली पहिली मिनिटं पेटी आंधळी असते. कोष्टकात लिहिल्याप्रमाणे वागते आणि प्रत्येक सेन्सरचं म्हणणं पडताळणी न करता मानते. चोक ओढणारा माणूस तसा नव्हता. त्याचा हात खुंटीवर आणि कान इंजिनावर असे; इंजिन गुदमरलं की हात आपोआप आत जाई. म्हणजे नेमक्या थंडीच्या मिनिटांपुरती प्रणाली माणसापेक्षा मागे गेली. उरलेल्या सगळ्या वेळी ती त्याच्यापुढे कितीतरी गेली, हे खरंच. पण थंडीचे दोष शोधायला अवघड का जातात, त्याचं कारण या मागे जाण्यातच आहे.

यावर जुन्या गाड्यांचे चाहते लगेच म्हणतील, तेच तर आम्ही सांगत होतो, कार्बोरेटर प्रामाणिक होता. हा निष्कर्ष मला मान्य नाही. कान असणं आणि कान तयार असणं यांत फरक आहे. चोक ओढून मैल-दोन मैल जाणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. तसं जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि रिंगा झिजवतं. चोक लवकर आत सारणारे चौकात बंद पडायचे, घाबरून चार वेळा ॲक्सिलरेटर दाबणारे प्लग भिजवायचे. धक्का मारून गाडी चालू करण्याची आपल्याकडची सामूहिक कला त्या काळाची आठवण म्हणून गोड वाटते, पण तिच्यामागे रोजचा नाइलाज होता. चांगल्या हातात कार्बोरेटर चांगला चालायचा, इंजेक्शन वाईट हातातही चालतं. वाटणीची किंमत ड्रायव्हरने मोजली नाही, मेकॅनिकने मोजली. त्याचं कसब ऐकण्यातून मोजण्याकडे गेलं: पान्याशेजारी मल्टिमीटर आला, दाबमापक आला, आणि फवाऱ्याची तार काढून टेस्ट लॅम्प लावायची सवय आली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थंडीत गाडी सुरू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बॅटरी, त्यासाठी एवढा इतिहास कशाला? कारण बहुधा बॅटरीच असते, हे कबूल. म्हणूनच पहिली विभागणी सेल्फच्या आवाजावरून करायची असते. सेल्फ जड, ओढत फिरत असेल तर बॅटरी, तिच्या टोकांवरचा पांढरा गंज, अर्थची पट्टी आणि चुकीच्या ग्रेडचं तेल, याच्या पलीकडे पाहायचं कारण नाही. (तेलाच्या डब्यावरच्या ‘डब्ल्यू’चा अर्थ विंटर. हे अक्षर बरेच जण वेट म्हणजे वजन असं वाचतात आणि हिवाळ्यातही घट्ट तेल भरतात.) पण सेल्फ हलका, भरभर फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, तेव्हा नवी बॅटरी घातल्याने खर्चाशिवाय काही होत नाही. तिसरा आक्षेप आजच्या वाचकाचा: गाडीच दोष सांगते की! अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या दोषनोंदणीच्या प्रणालीने मोठं काम केलं, पण त्याआधीच्या बहुतेक प्रणालींकडे सांगायला तोंडच नव्हतं. आणि तोंड असलं तरी पेटी त्याच दोषाबद्दल बोलते जो तिला अशक्य वाटतो. अनंत रोध अशक्य, म्हणून नोंद होते. हजार ओहमांची भर शक्य कोटीतली, म्हणून ती गप्प बसते. पटेल असं खोटं संगणकालाही पकडता येत नाही.

आपल्याकडे हा सगळा प्रवास उलट टोकाकडून आला. निफाडचा पारा तीन-चार अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी होते, तिथे उणे २० चं गणित कुणाला पडलेलं नव्हतं. इंजेक्शन आणलं ते इथेही धुराच्या नियमांनीच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात १ एप्रिल २००० पासून युरो-२ चे नियम लागू झाले, पाठोपाठ मुंबई आणि इतर महानगरं आली, आणि कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनचं, भावंड मिळालं. त्या बदलात मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून जेट फुंकण्याची विद्या बाजूला ठेवली, पण ‘सकाळी सेल्फ घेते, उठत नाही’ ही तक्रार तशीच राहिली. ती ऐकल्यावर हवा थंड असल्यामुळे दोष थंडीचाच असणार, असं समजणं सोपं आहे आणि पुष्कळदा चुकीचं.

कारण थंडी एकटी येत नाही, तिच्यासोबत रात्र येते आणि दवही येतं. रात्रभर गाडी उभी राहिली की पेट्रोलच्या नळीतला दाब टिकवण्याचं काम पंपातल्या एका लहानशा एकदिशा व्हॉल्व्हचं. तो गळका झाला की नळी रिकामी होते आणि सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारल्यावर कुठे दाब चढतो. टपकणारा इंजेक्टर हाच दाब दुसऱ्या टोकाने सोडतो आणि वर एक सिलिंडर भिजवून ठेवतो. दव डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये आणि प्लगच्या जुन्या वायरींवर बसतं, ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटते. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारला तर निळसर रेघा वायरींवर नाचताना दिसतात. ही तिन्ही दुखणी जानेवारीच्या सकाळी एकसारखी दिसतात. वेगळी करायची तर ग्राहकाला विचारायचं, मे महिन्यात, रात्रभर उभी राहिल्यावर गाडी कशी सुरू व्हायची? तेव्हाही सकाळी पहिल्यांदा असाच सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागत असेल, तर तापमानाच्या सेन्सरला हात न लावता आधी पेट्रोलच्या नळीला दाबमापक जोडायचा, पंप थांबवायचा आणि काटा किती वेळ जागेवर राहतो ते पाहायचं.